विणकाम शिकायचंय, पण एका सुईचं की दोन सुयांचं?

मागच्या डिसेंबरात एका रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या छोट्याशा हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जणी जमलो होतो. जाहिरात होती ‘नवशिक्यांसाठी विणकाम, तीन तास, साहित्य मिळेल’ अशी. शिकवणारी माझी मैत्रीण, मी तिच्या मदतीला. माझ्या शेजारी सिडकोतून आलेल्या एक काकू होत्या. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन लांब सुया काढल्या. दहा नंबरच्या, सासूबाईंच्या. "नातवाचा स्वेटर घालायचाय. पूर्वी यायचं गं, आता सुरुवातच आठवत नाही," म्हणाल्या. तेवढ्यात मैत्रिणीने प्रत्येकीच्या हातात टोकाला आकडी असलेली एकेक सुई ठेवली. काकूंनी ती फिरवून पाहिली आणि विचारलं, "आणि दुसरी?"

दुसरी नव्हतीच. वर्ग क्रोशाचा होता.

यात काकूंना दोष देता येत नाही. मराठीत आपण सगळंच विणतो. स्वेटर विणतो, क्रोशाचा रुमाल विणतो, खाटेची नवार विणतो, बुरूड टोपली विणतो, येवल्यात पैठणीही विणतात. त्यात दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही जाड धाग्याला आपण ‘लोकर’ म्हणतो. त्यातला बराचसा माल ॲक्रिलिकचा असतो आणि मेंढीशी त्याचा काही संबंध नसतो, ते वेगळंच. तेव्हा तीन तासांच्या वर्गाला पैसे भरण्याआधी ‘विणकाम’ या एका शब्दात नक्की काय दडलंय ते पाहून घेतलेलं बरं.

पैठणी आधी बाजूला काढते. ते हातमागाचं काम. ताणा आधी ताणून बांधायचा आणि त्यातून बाणा आडवा न्यायचा, म्हणजे दोन वेगळे धागे एकमेकांना काटकोनात भेटतात. पदरावरच्या मोरासाठी प्रत्येक रंगाचा धागा त्या-त्या जागी हाताने गुंतवतात, म्हणून अस्सल पदर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. येवला आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे नाशिकमध्ये ‘विणकाम वर्ग’ म्हटलं की एखादा फोन हमखास येतो, "पैठणी शिकवणार का?" तीन तासांत मागावर बसायचं कसं एवढं कळलं तरी खूप.

क्रोशे आणि दोन सुयांचं विणकाम ही दोन्ही मात्र एकाच धाग्याची कामं. एक सलग धागा, त्याचे फासे, फाशातून फासा. ती एकमेकांची बहिणी-बहिणी वाटतात ती त्यामुळेच. फरक एकच आहे, पण पुढचं सगळं त्या फरकातून निघतं: क्रोशात कुठल्याही क्षणी बहुधा एकच फासा सुईवर उघडा असतो, आणि दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ उघडी असते.

क्रोशाचा टाका घातला की तो तिथेच मिटतो. सुई पुढे जाते आणि तिच्यावर पुन्हा एकच फासा राहतो. काम खाली ठेवा, चहाला जा, मांजराने सुई पळवली तरी फार तर एक-दोन टाके उसवतील. सुयांवर तसं नाही. लहान मुलाच्या स्वेटरची पाठ विणताना ऐंशी-नव्वद टाके डाव्या सुईवर रांगेत उभे असतात. एकेकातून नवा फासा ओढून उजव्या सुईवर घ्यायचा आणि जुना सोडून द्यायचा. सुई सटकली तर सगळी रांग वाऱ्यावर. मधला एक टाका सुटला तर तो ओळीमागून ओळ खाली घसरत जातो आणि कापडात शिडी दिसायला लागते. नायलॉनचा पायमोजा फाटतो ना, तशीच.

शिकणाऱ्याच्या हाताकडे पाहिलं की हे जवळून दिसतं. त्या रविवारी माझ्यासमोर कॉलेजातली एक मुलगी बसली होती. क्रोशाची साखळी ती दहा मिनिटांत शिकली: लोकर सुईवर घ्यायची, फाशातून ओढायची, पुन्हा घ्यायची. पण प्रत्येक फासा ती नाडीची गाठ मारल्यासारखा घट्ट आवळत होती. वीस साखळ्या झाल्या आणि पहिला मुका खांब, म्हणजे क्रोशाचा बुटका टाका, घालायला मागे वळावं तर सुईची आकडी साखळीत शिरेना. आकडी लोकरीचा अर्धाच पीळ पकडायची, बाकीचे तंतू पिंजून बाहेर यायचे. नवशिक्यांपैकी निम्म्या तरी इथेच अडकतात. उपाय साधा आहे. साखळीपुरती नेहमीपेक्षा एका मापाने जाड सुई घ्यायची, आणि फासा आवळायचा तो आकडीजवळच्या निमुळत्या गळ्यावर नाही, दांड्याच्या पूर्ण जाडीवर. तिने दोन वेळा सगळं उसवलं, तिसऱ्यांदा जमलं. साडेबारापर्यंत तिच्या हातात कपाखाली ठेवायची गोल चकती होती, थोडी चहाच्या बशीसारखी कडेने वर उचललेली, कारण फेरीत टाके वाढवायला ती विसरली होती.

हीच मुलगी सुयांच्या वर्गाला आली असती तर? पहिला पाऊण तास टाके घालण्यात गेला असता. मग सुलट टाका. मग ओळ संपल्यावर सुया कुठल्या हातात घ्यायच्या याचा गोंधळ. अठरा टाक्यांनी सुरुवात करून चौथ्या ओळीला बावीस कसे झाले, हे कोडं तर ठरलेलंच. धागा दोन सुयांच्या मधून पुढे-मागे होताना चुकून सुईवर चढतो आणि जास्तीचा टाका होऊन बसतो. तीन तासांनंतर तळहाताएवढी, कडा वाकड्या झालेली पट्टी. म्हणून छोट्या कार्यशाळा बहुतेक क्रोशाच्याच असतात. घरी न्यायला काहीतरी हातात पडतं, फोटो निघतो. यात फसवणूक काही नाही, पण तीन तासांत क्रोशे ‘आला’ असं समजू नये. साखळी, मुका खांब आणि त्याहून उंच टाका तो खांब, इतकं हातात बसलं तरी पैसे वसूल. हल्ली जपानी पद्धतीची क्रोशाची खेळणी, अमिगुरुमी म्हणतात ती, एका बैठकीत करून देण्याचं आमिष दाखवतात. अगदी पहिल्याच दिवशी त्या वाटेला जाऊ नका. त्याची सुरुवात बारीकशा वर्तुळापासून होते आणि नवख्या बोटांना ते वर्तुळ धरता धरत नाही.

आता कापडाकडे या. तुमच्या अंगातला टीशर्ट ताणून अगदी डोळ्याजवळ घ्या. एकावर एक बसलेल्या ‘व्ही’ अक्षरांच्या उभ्या रांगा दिसतील. ते यंत्रावर केलेलं सुयांचंच विणकाम आहे. फासे एकमेकांत नुसते अडकवलेले, म्हणून ते ताणतं, सोडलं की परत येतं, अंगाला बसतं. स्वेटर, मोजे, कानटोपी यांना हाच गुण लागतो. क्रोशाचा टाका जागच्या जागी बंद झालेला, त्यामुळे कापड जाड, ठसठशीत आणि कमी ताणणारं होतं. पिशवी, तोरण, ताटावरचा रुमाल, टीव्हीवरचा रुमाल (टीव्ही भिंतीला चिकटले आणि तो बिचारा बेकार झाला), रुखवतातले प्रकार, ही सगळी त्याची कामं. जाळी हवी तर क्रोशे सोयीचा, कारण खांबांच्या मध्ये हवी तेवढी रिकामी जागा सोडता येते. क्रोशाचा स्वेटर होत नाही असं नाही, होतो, पण तो अंगावर ‘उभा’ राहतो, आणि तेवढ्याच मापाला लोकरही जास्त खातो.

उलट आणि सुलट या शब्दांनी बरेच लोक सुयांना घाबरतात. खरं तर तो एकच टाका आहे. सुलट टाका मागच्या बाजूने पाहिला की उलट दिसतो. म्हणून दोन्हीकडून सगळ्या ओळी सुलट विणल्या तर कापडावर आडव्या वळ्या उठतात आणि ते सपाट राहतं. मफलर त्याचाच करावा. एक ओळ सुलट, एक उलट असं केलं तर बाजारच्या स्वेटरसारखं गुळगुळीत कापड येतं, पण त्याच्या कडा सुरळीसारख्या वळतात. ‘माझं काहीतरी चुकलं’ असं वाटून पोरी ते उसवत बसतात. चुकलेलं काही नसतं, ते कापड वळतंच. मनगटाला आणि कमरेला दोन सुलट दोन उलट घालतात ते त्या वळण्याला आळा बसावा आणि घट्ट बसावं म्हणूनही.

यंत्राचा विषय निघालाच आहे तर सांगते. सुयांचं विणकाम यंत्राने फार लवकर उचललं. इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणायची चौकट केली ती 1589 मध्ये. सगळी ओळ उघडी असते ना, मग प्रत्येक टाक्याला एक आकडी दिली की काम भागतं. आज तिरुप्पूर आणि लुधियाना ही होजिअरीची शहरं उभी आहेत ती त्याच तत्त्वावर. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून आपण थंडीत स्वेटर आणतो तेही बहुतेक यंत्राचेच. क्रोशाला मात्र यंत्राने अजून बाजारात टक्कर दिलेली नाही. प्रत्येक टाका वेगळ्या दिशेने, वेगळ्या भोकात शिरतो आणि तिथेच बंद होतो, तिथे हातच लागतो. दुकानात क्रोशासारखी दिसणारी यंत्राची लेस भरपूर मिळते, पण ती क्रोशाची नक्कल. खरा क्रोशाचा टॉप दीडदोनशे रुपयांना दिसला तर समजावं, कुणा बाईच्या बोटांना त्याचे जवळजवळ काहीच मिळालेले नाहीत.

आपली गोदावरी त्र्यंबकहून निघते आणि आंध्रात समुद्राला मिळण्याआधी तिचा एक फाटा नरसापूरवरून जातो. ते गाव क्रोशाच्या लेससाठीच ओळखलं जातं. मिशनरी बायकांनी एकोणिसाव्या शतकात तिथे ती कला रुजवली, पुढे ती घराघरातली मजुरी झाली. आयर्लंडातही 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात क्रोशाच्या लेसने कित्येक घरं तगवली. एक आकडी, थोडं सूत, मांडीवर मावणारं काम. माग लागत नाही की जागा लागत नाही. गरिबीत क्रोशे पसरला तो त्यामुळे.

साहित्य घेताना दोन्हीकडे एक गंमत आड येते. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन. अमेरिकन व्हिडिओत मात्र आठ नंबर म्हणजे पाच मिलिमीटर. क्रोशात तर नावंच सरकतात. अमेरिकन बाई ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणते त्याला इंग्लंडातली बाई ‘डबल क्रोशे’ म्हणते. एकीचा व्हिडिओ आणि दुसरीचा नमुना घेऊन बसलात तर टोपीचा टोपला होतो. त्यामुळे नंबर विसरा, मिलिमीटर विचारा. पहिल्या दिवसाला चार किंवा पाच मिलिमीटरची सुई आणि जाडसर, फिक्या एका रंगाची लोकर. काळी नको, तिच्यात टाके दिसत नाहीत. केसाळ तर मुळीच नको, ती उसवत नाही. डावखुऱ्यांनी क्रोशाच्या वर्गाआधी शिकवणाऱ्या ताईंना तसं सांगून ठेवावं, कारण तिथे सगळं आरशातल्यासारखं उलटं करावं लागतं. सुयांवर दोन्ही हात राबतात, त्यामुळे पुष्कळ डावखुरे उजव्यांसारखंच शिकून जातात.

मग निवडायचं काय? मला कुणी विचारलं तर मी उलट विचारते, करायचंय काय? तोरण, बाहुली, पिशवी, फुलं असं काही मनात असेल, किंवा हाताला काम येतंय की नाही एवढंच पाहायचं असेल, तर क्रोशे. एका रविवारात कळतं. नाशिकच्या थंडीत, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत, कुणाला तरी अंगात घालायला काही करायचं असेल तर दोन सुया, आणि त्यासाठी एकच रविवार नको, चार तरी हवेत. एका दिवसात दोन्ही शिकवणारा वर्ग मी तरी टाळीन. लोकर धरायची हाताची सवय दोन्हीकडे वेगळी, आणि पहिली बसायच्या आत दुसरी आली की दोन्ही जातात. फोन करून ‘विणकाम आहे का’ असं विचारू नका. ‘सुई एक की दोन’ असं विचारा.

काकूंनी त्या दिवशी तोंड वाकडं न करता चकती पूर्ण केली. मग जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी मागच्या खिडकीत बसलो आणि मी त्यांना दहा टाके घालून दाखवले. अकरावा त्यांनी स्वतःच घातला. हाताला सगळं आठवत होतं, फक्त सुरुवात हरवली होती. संक्रांतीनंतर त्यांनी स्वेटरच्या पाठीचा फोटो पाठवला, काखेपर्यंत आलेली. खाली मेसेज होता, ‘मधे एक टाका सुटून पार बॉर्डरपर्यंत गेला होता. तुमच्या त्या आकडीने एकेक पायरी वर उचलून आणला. आता ती सुई लोकरीच्या गुंड्यातच खोचून ठेवते.’