पायका की व्होल? तुंगनाथच्या वाटेवरचा ‘उंदीर’

उत्तराखंडातला चोपता-तुंगनाथ ट्रेक करून आलेल्या ग्रुपच्या फोटोंत एक तरी ‘गोंडस उंदीर’ असतोच. बहुतेक वेळा तो पायका असतो, म्हणजे उंदीर नव्हे, सशाचा चुलतभाऊ. उंदरांच्या गोतावळ्यातला व्होल तिथल्याच दगडांत राहतो, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

घोळ शास्त्रीय नावातही आहे. पायका ‘ऑकोटोना रॉयली’, व्होल ‘अल्टिकोला रॉयली’. 1823 पासून सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा कारभार पाहणारे जॉन फोर्ब्स रॉयल, त्यांच्यावरून दोन्ही नावं पडली.

ओळखायचं तर आधी मागची बाजू बघा. पायकाला शेपूट दिसतच नाही. व्होलला असतं, आखूड का होईना. पायकाचे कान मोठे नि गोल, अंग वीतभर. व्होल त्याच्या निम्मा. प्राणी दिसलाच नाही तर लेंड्या शोधा: पायकाच्या मिऱ्यासारख्या गोल, व्होलच्या तांदळाच्या दाण्यासारख्या लांबट. पायकाच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे सशासारखी आणखी एक छोटी जोडी असते, पण ती बघायला तोंड उघडून कोण देतंय!

मीही पहिल्या खेपेला दगडांच्या राशीसमोर पाऊण तास बसून काढलेले फोटो ‘व्होल’ म्हणून मिरवले होते. एकाही फोटोत शेपूट नव्हतं. म्हटलं, दगडामागे असेल.

पायका हिवाळाभर जागा असतो. वरचा बर्फ हीच त्याची गोधडी. ती विरळ झाली की दगडांच्या फटीत थेट गारठा शिरतो. उलट उन्हाळा तापला की तो सावलीत दडून बसतो आणि चरायचा वेळ घटतो. त्यात गुरांची चराई, आणि वाटेवर टाकलेल्या खाण्यामागे येणारी कुत्री. तरीही आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत त्याला सध्या फारसा धोका नाही, कारण तो हिमालयात दूरवर पसरलेला आहे. व्होलचं तसं नाही. त्याचा पसारा हिमाचल-उत्तराखंडापुरता, आणि त्याच यादीत तो धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. कौतुक मात्र सगळं पायकाच्या वाट्याला.

म्हणून वर जाल तेव्हा बिस्किटाचा तुकडा टाकून त्याला जवळ बोलावू नका. लांबूनच, सकाळी किंवा उन्हं कलल्यावर, थोडं थांबून बघा. आणि क्लोज-अपच्या नादात पार्श्वभाग कापू नका; शेपूट दिसलं तर तो फोटो व्होलची नोंद म्हणून कामाचा आहे.