ऑइल फिल्टर साधा टाकायचा का सिंथेटिक? आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

गाडी सर्व्हिसिंगला लावली की काउंटरवर हमखास ऐकू येतं, "ऑइल सिंथेटिक टाकताय ना, मग फिल्टर पण सिंथेटिकच टाका." हा प्रश्न नसतोच खरं म्हणजे, ऑर्डर असते. कुठल्यातरी व्हिडिओत कुणीतरी फिल्टर कापून दाखवलेला असतो आणि तो बघून माणूस आलेला असतो. आम्ही दोन्ही विकतो, सिंथेटिकवर आम्हाला चार पैसे जास्तच सुटतात, तरी बऱ्याच जणांना आम्ही साधाच देतो. का देतो ते इथे एकदाच लिहून ठेवतोय, म्हणजे प्रत्येकाला उभं राहून तेच तेच सांगायला नको.

पहिलं म्हणजे सिंथेटिक ऑइलला सिंथेटिक फिल्टरच लागतो असं काही नाही. कागदाच्या फिल्टरला सिंथेटिक ऑइल व्यवस्थित चालतं, कागद विरघळत नाही की फाटत नाही. कित्येक गाड्या कारखान्यातून सिंथेटिक ऑइल आणि कागदी फिल्टर घेऊनच बाहेर पडतात.

आता आत काय असतं ते. साधा फिल्टर म्हणजे सेल्युलोज, लाकडाच्या लगद्याचा कागद. त्याला रेझिन, म्हणजे डिंकासारखं चिकट रसायन, पाजून भट्टीत कडक करतात आणि घड्या घालून डब्यात बसवतात. लाकडाचे तंतू मुळातच जाड, चपटे, वेडेवाकडे, त्यामुळे मधल्या फटी कुठे मोठ्या तर कुठे बारीक. सिंथेटिकमध्ये पॉलिस्टरचे नायतर काचेचे तंतू असतात, ते पुष्कळ बारीक आणि जाडीला सारखे. त्यामुळे तेवढ्याच जागेत फटी जास्त बसतात, बारीक कण अडकतात आणि तरी ऑइलला वाट मोकळी राहते, शिवाय घाण पोटात जास्त मावते. तिसरा प्रकार ब्लेंड, कागदात थोडा पॉलिस्टर किंवा काच मिसळलेली, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात सिंथेटिक लिहिलेले बरेच फिल्टर प्रत्यक्षात हेच असतात. वाईट नसतात, पण पैसे पूर्ण सिंथेटिकचे देऊ नका एवढंच.

खोक्यावर "९९ टक्के फिल्टरेशन" लिहिलेलं दिसलं की लगेच हुरळून जायचं नाही. ९९ टक्के कशाचे? ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांचे ९९ टक्के कुठलाही बरा फिल्टर पकडेल. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, आणि बेअरिंगला जे कण खातात ते ५ ते २० मायक्रॉनच्या आसपासचे, डोळ्याला दिसत पण नाहीत. आयएसओ ४५४८-१२ नावाची टेस्ट असते, त्यात ऑइलमध्ये मुद्दाम ठराविक धूळ टाकून ते फिल्टरमधून परत परत फिरवतात आणि फिल्टरच्या अलीकडचे-पलीकडचे कण मोजतात. १०० कण आले आणि १ पलीकडे गेला तर ९९ टक्के, आणि तो कण किती मायक्रॉनचा ते शेजारी लिहिलेलं पाहिजे. नुसता टक्का लिहिलाय आणि मायक्रॉन नाही, तर तो आकडा शोभेचा.

साधा कागद पहिल्या फेरीत बरेच बारीक कण सोडतो हे खरंय. पण ऑइल काय एकदाच जात नाही, पंप अख्खं साडेतीन-चार लिटर ऑइल मिनिटाला कितीतरी वेळा फिरवतो, एका फेरीत सुटलेला कण पुढच्या कुठल्यातरी फेरीत सापडतो. म्हणून कागदी फिल्टरवर वर्षानुवर्षं गाड्या निवांत चालतात.

डिझेलवाल्यांसाठी वेगळं सांगतो. ऑइल चार दिवसात काळं झालं म्हणून फिल्टर खराब असं बोलत येऊ नका. ती काजळी असते, एका मायक्रॉनपेक्षाही कितीतरी बारीक, ती कागदातून पण जाते आणि सिंथेटिकमधून पण. ऑइलमधली केमिकल्स तिला साचू न देता तरंगत ठेवतात, म्हणजे काळं ऑइल आपलं काम करतंय. तसंच ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल, तयार झालेलं ॲसिड, हे कुठलाच फिल्टर काढत नाही, त्याला ऑइल बदलणे हाच उपाय.

मग कुणी काय घ्यायचं? मॅन्युअलप्रमाणे १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं बदलत असाल तर कंपनीचा साधा फिल्टर भरपूर झाला. पेठेत राहणाऱ्या आणि गाडी फक्त डेक्कनपर्यंत नेणाऱ्या काकांना तर आम्ही सिंथेटिक देतच नाही. इतक्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, आतला ओलावा आणि पेट्रोलचा अंश ऑइलमध्ये तसाच राहतो, कागद त्याने नरम पडतो हे बरोबर, पण ऑइलच तोवर बदलायला आलेलं असतं. तिथे भारीतला फिल्टर म्हणजे नाकापेक्षा मोती जड. किलोमीटर ३,००० झाले असले तरी वर्षातून एकदा दोन्ही बदला, संपला विषय.

सिंथेटिकचे पैसे वसूल होतात ते टर्बो गाडीला, टूरवर सतत पळणाऱ्या गाडीला, सामान भरून कात्रज-खंबाटकी घाट चढणाऱ्याला आणि जिथे मॅन्युअलमध्येच बदलायचा अवधी मोठा दिलाय तिथे. ऑइल तापून तापून कागदातलं रेझिन कडक होतं, मग घड्या ठिसूळ होऊन तडकू शकतात, सिंथेटिक इथे जास्त टिकतो. हिंजवडीवाल्यांनी एक लक्षात घ्या, तासभर ट्रॅफिकमध्ये इंजिन चालू राहतं आणि मीटर जेमतेम १० किलोमीटर दाखवतं, म्हणजे मीटर सांगतं त्यापेक्षा ऑइल जास्त वापरलेलं असतं. आणि काही झालं तरी "सिंथेटिक टाकलाय, आता २०,००० ला बघू" हे डोक्यातून काढा, फिल्टर टिकेल हो, ऑइल टिकणार नाही.

चाकण-तळेगावच्या धुळीत गाडी असेल तर आधी एअर फिल्टर बघा. माती इंजिनमध्ये शिरते ती जास्त करून तिथूनच, वरचं दार उघडं टाकून खाली झाडू मारण्यात अर्थ नाही.

कागद-सिंथेटिकच्या वादात लोक बाकीचा फिल्टर विसरतात. आत एक बायपास व्हॉल्व्ह असतो, फिल्टर चोंदला किंवा थंडीत सकाळी ऑइल घट्ट असलं की तो उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनला जातं, कारण घाण ऑइल चालेल पण कोरडं इंजिन नाही चालणार. स्वस्तातल्या डुप्लिकेट मालात ह्याच्या स्प्रिंगचा भरवसा नसतो. दुसरा रबरी पडदा, गाडी बंद केल्यावर ऑइल खाली उतरू न देणारा. साध्या काळ्या रबराचा असेल तर उष्णतेने कडक होतो आणि मग सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते, सिलिकॉनचा जास्त टिकतो. आमचं मत विचाराल तर सिलिकॉन पडदा असलेला चांगला कागदी फिल्टर, हलक्या पडद्याच्या सिंथेटिकपेक्षा कधीही बरा.

बसवताना जुन्याची रबर रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना ते बघावंच लागतं. तिच्यावर नवीन रिंग बसली तर आधी काही कळत नाही आणि मग रस्त्यात सगळं ऑइल बाहेर. नवीन रिंगला बोटाने ऑइल लावायचं, रिंग टेकली की हाताने साधारण पाऊण फेरा, पाना मारून आवळायचा नाही. काडतूस टाईप फिल्टर, म्हणजे डबा तोच ठेवून फक्त आतला कागद बदलायचा प्रकार, असेल तर झाकणाची ओ-रिंग (गोल रबरी रिंग) दर वेळी नवीन. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीचाच फिल्टर टाका आणि बिल जपून ठेवा.

जुना फिल्टर कापून बघायचा असेल तर दाखवतो, फुकट. घड्या ताणून उजेडात धरल्या की चमचम दिसते का, म्हणजे धातूचा चुरा, ते कळतं, घड्या एका बाजूला कोसळल्यात का तेही दिसतं. फक्त गाडी देतानाच सांगा, कारण ऑइल निथळायला वेळ लागतो, आणि रविवारी गर्दीत हे जमणार नाही.