लायसन्स मिळाल्यानंतरचं पहिलं वर्ष

नव्याने गाडी शिकणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी, आमच्या ड्रायव्हिंग स्कूलकडून

शिकायला येणारी बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "किती दिवसांत गाडी येईल?" क्लच, गिअर, ब्रेक हातापायांत बसायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो रस्ता ओळखायला. समोरचा आता काय करणार आहे, आपल्याला थांबायला किती जागा लागेल, इथे वेग कमी करावा की नको, हे कळायला महिने जातात, आणि त्यातले बरेचसे महिने लायसन्स मिळाल्यानंतरचे असतात. म्हणून हे पत्रक परीक्षेबद्दल कमी आणि त्यानंतरच्या वर्षाबद्दल जास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण रस्ते अपघात हेच आहे. शिकताना शेजारी शिक्षक असतो, तेव्हा अपघात क्वचित होतात. एकट्याने गाडी चालवायला लागल्यावरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. न्यूझीलंडने १९८७ मध्ये यावर टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं: आधी सोबतीला अनुभवी चालक, मग एकट्याने पण रात्रीची आणि सोबत कोणाला बसवायचं याची बंधनं पाळून, आणि शेवटी पूर्ण मोकळीक. पुढे बऱ्याच देशांनी हीच वाट धरली. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, घरच्या घरी हे नक्की करता येतं.

नजर कुठे असते

नवा चालक बहुतेक वेळ बॉनेटच्या पुढची थोडीशी जागाच बघत असतो. मुरलेल्या चालकाची नजर लांबवर असते, तिथून ती आरशांत जाते आणि पुन्हा पुढे येते. हा फरक निव्वळ सवयीचा आहे आणि सवय लावता येते. त्यासाठी आम्ही मुलांना चालवता चालवता मोठ्याने बोलायला लावतो. "पुढे बस उभी आहे, तिच्या पुढून कोणी येऊ शकतं, मी वेग कमी करतोय." "कडेला लावलेल्या गाडीत माणूस बसलाय, दार उघडू शकतं." "त्या गाडीची पुढची चाकं वळलेली आहेत, ती निघणार." पहिले दोन दिवस मुलं लाजतात, आवाज फुटत नाही. मग हळूहळू अशा गोष्टी टिपायला लागतात की आम्हालाच बरं वाटतं. हा सराव घरच्यांबरोबरही करा, त्याला काही खर्च नाही. ब्रिटनमध्ये तर २००२ पासून लायसन्सच्या परीक्षेत धोका वेळेत ओळखता येतो का, हे चित्रफिती दाखवून तपासतात.

थांबायला किती जागा लागते

हे गणित प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून बघावं. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच २५ मीटर संपतात. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. एकूण ४५. आता वेग ८० करा: ३३ अधिक ३६, म्हणजे जवळजवळ ७० मीटर. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि थांबायचं अंतर निम्म्याहून जास्त वाढलं, कारण ब्रेक लावल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ओल्या रस्त्यावर हा ब्रेकचा भाग आणखी लांबतो, टायर झिजलेले असले तर फारच.

रात्रीचं गणित याहून कठीण आहे. हेडलाइट खालच्या झोतावर असताना साधारण ४० ते ६० मीटरपर्यंतचंच नीट दिसतं. म्हणजे ८० च्या वेगात दिसलेल्या माणसाआधी गाडी थांबणारच नाही. दिव्यात जेवढं दिसतं तेवढ्यातच थांबता येईल इतका वेग ठेवणं, एवढाच उपाय आहे.

पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं, यासाठी मीटर मोजू नका. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की तीन सेकंद मोजा. त्याआधीच आपण खांबापाशी आलो, तर फार जवळ आहोत. पावसात चार-पाच सेकंद ठेवा. मागचा हॉर्न वाजवत राहिला तरी हे अंतर सोडू नका.

फोन, झोप आणि मित्र

६० च्या वेगात दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं, तर ३३ मीटर रस्ता न बघता पार होतो. कानात इअरफोन घालून बोललं म्हणजे चालतं, हा समज चुकीचा आहे. हात मोकळे राहतात, पण लक्ष संभाषणात गुंतलेलं असतं. निघण्यापूर्वी नकाशा लावा, फोन मूक करा आणि हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.

झोपेकडे कोणी गांभीर्याने बघत नाही, हे आम्हाला फार खटकतं. सलग १७ तास जागं असलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. खिडकी उघडून किंवा गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि पंधरा-वीस मिनिटं डोळा लागू द्या.

सोबत मित्रमंडळी बसली की तरुण चालकाच्या अपघाताचा धोका वाढतो, आणि मित्र जितके जास्त तितका तो अधिक. मुलं वाईट असतात असं मुळीच नाही. धोका तोलणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण विकसित होतो, आणि समवयस्कांसमोर त्या वयात घाई होतेच. म्हणून पहिले काही महिने मित्रांना घेऊन फिरणं टाळा. सीट बेल्ट मात्र सगळ्यांनी लावायचा, मागच्यांनीसुद्धा. दुचाकीवर हेल्मेटचा पट्टा बांधलेला हवा. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पडताना सुटून जातं.

"घसरणारी गाडी सावरायला शिकवा" अशी मागणी आमच्याकडे अधूनमधून येते. नॉर्वेमध्ये १९८० च्या दशकात असं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. फाजील आत्मविश्वास आला की वेग वाढतो. आम्ही त्याऐवजी गाडी घसरणारच नाही अशा बेताने चालवायला शिकवतो. अचानक ब्रेक लावायचा सराव मात्र करून घेतो: गाडीत एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून धरायचा. पायाखाली थरथर जाणवते, ती एबीएसचं काम चालू असल्याची खूण असते, तेव्हा पाय उचलायचा नाही.

पालकांसाठी

मूल तुमच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं तुमचं चालवणं बघत आलेलं असतं. तुम्ही सिग्नलला फोन उचलत असाल, तर आमच्या दहा सूचना त्यापुढे फिक्या पडतात. लायसन्सनंतरही आठवड्यातून एकदोनदा शेजारी बसा. आधी दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर; मग संध्याकाळची गर्दी, रात्र, पाऊस आणि सर्वांत शेवटी महामार्ग. ओरडू नका. दचकलेला चालक रस्त्याऐवजी तुमच्याकडे बघतो. सूचना वळण येण्याआधी द्या, आणि चुकीबद्दल बोलायचं ते गाडी थांबल्यावर. आणखी एक ठरवून टाका: मुलाला थकवा आला, पाऊस कोसळू लागला किंवा ज्याच्यासोबत जायचं तो प्यायलेला निघाला, तर त्याने कितीही वाजता घरी फोन करावा आणि त्या वेळी कोणी रागावू नये.

आमच्याकडचे रात्रीचे आणि पावसातले धडे ऐच्छिक आहेत, पण ते घ्याच असा आमचा आग्रह आहे. लायसन्स मिळाल्यावर दोन-तीन महिन्यांनी एका फेरीसाठी पुन्हा या. तोवर कोणत्या सवयी लागल्या आहेत, ते शिक्षक शेजारी बसून बघतील. धड्याला येताना चष्मा असेल तर तो लावून या. पायात सपाट तळाचे, घट्ट बसणारे बूट असू द्या, चप्पल पेडलखाली अडकते.