बियाणं बदललं, पण रान?

मे महिना आला की हातकणंगले, शिरोळ, कागल भागात एकच चौकशी असते: औंदा सोयाबीनचं कुठलं बियाणं? मशागतीचं फारसं कुणी विचारत नाही. ट्रॅक्टर आला की माती बारीक करणारा रोटाव्हेटर फिरतोच. पिकाचा उतारा मात्र दोन्हींच्या जोडीवर ठरतो.

आपल्याकडं वाण निवडताना पहिला प्रश्न तांबेऱ्याचा. पंचगंगा-कृष्णेच्या खोऱ्यात पावसाळाभर पानं तासन्‌तास ओली राहतात आणि या बुरशीला तेच हवं असतं. पान उलटं करून बघा: खालच्या अंगाला तपकिरी पुटकुळ्या दिसतात, बोट फिरवलं की तांबूस पूड लागते. ऐन शेंगा भरताना पानं गळाली की दाणा बारीक राहतो. जेएस ३३५ हा जुना वाण या रोगाला सहज बळी पडतो. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून आलेले फुले संगम आणि फुले किमया हे वाण बऱ्यापैकी तग धरतात. मात्र ते थोडे उशिरा तयार होतात. फुले संगमला फांद्याही भरपूर येतात, म्हणून त्याची टोकण विरळ हवी. दाट झालं तर पीक लोळतं.

पानं वाचली तरी दाणा भरायला नत्र लागतं, आणि तेही भरपूर, कारण सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात. त्यातलं बरंचसं नत्र मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतून घेतात. त्यांना श्वासाला प्राणवायू लागतो. रोटाव्हेटरनं पिठासारखी केलेली काळी माती पहिल्या जोरदार पावसात दबते, त्याच खोलीवर वारंवार फिरवल्यानं खाली कठीण थर बनतो आणि पाणी साचतं. गाठी गुदमरतात, पीक पिवळं पडतं. तिथं महागडं बियाणंही काय करणार?

म्हणून भारी रानात रुंद वरंबा-सरी (रुंद वरंब्यावर पेरणी, दोन्ही बाजूंना सरी) मला सपाट पेरणीपेक्षा कधीही बरी वाटते. जादा पाणी सरीतून निघून जातं, मुळं मोकळ्या मातीत राहतात. निचरा चांगला असेल तर नांगरट कमी करूनही चालतं. ब्राझील-अर्जेंटिनात तर बहुतेक सोयाबीन नांगरटीशिवायच पेरतात. तण मात्र आधीच आवरावं लागतं.

आपल्या रानाचं काय, ते पेरणीनंतर साधारण ४० दिवसांनी कळतं. एक रोप मातीसकट अलगद उपटा, मुळं धुवा आणि गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्राचा कारखाना चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर पुढच्या हंगामात वाण बदलण्याआधी निचरा सुधारायला घ्या.