स्विमसूट अंगाच्या मापापेक्षा लहान का कापतात?

शिवणाच्या क्लासमध्ये सुरुवातीलाच शिकवतात की अंगाचं माप घ्यायचं आणि त्यात ढिलाई मिळवायची. छाती 90 सेंटीमीटर असेल तर ब्लाउज त्याहून थोडा मोठा कापायचा. स्विमसूटचा पॅटर्न नेमकं उलट सांगतो: 90च्या छातीला कापड 80च्या आसपास कापा. सुती आणि रेशमी कापडावर हात बसलेल्या बायकाही इथे बिचकतात, आणि ‘हे फॅक्टरीतच होतं, घरच्या मशीनवर जमत नाही’ असं ठरवून टाकतात. झिगझॅग मारणारं साधं मशीन असलं तरी हे काम उत्तम होतं. फक्त ते कापड कसं वागतं हे आधी कळायला हवं, आणि त्यामागचं विज्ञान इतकं सुंदर आहे की मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुकानात ज्याला सरसकट ‘लायक्रा’ म्हणतात त्या कापडात साधारण 80 टक्के नायलॉन आणि 20 टक्के स्पॅन्डेक्स असतं. हे कापड मागावर उभे-आडवे धागे घालून केलेलं नसतं, तर बनियनसारखं एकात एक अडकलेल्या लूपचं असतं. ओढलं की आधी लूप उघडतात. त्यांना परत मिटवण्याचं काम स्पॅन्डेक्सचा बारीक धागा करतो. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 साली तो तयार केला. त्याआधी बायकांच्या घट्ट अंतर्वस्त्रांत रबराचे धागे वापरत, आणि त्याला पर्याय शोधणं हाच या संशोधनाचा हेतू होता.

आता मुख्य प्रश्न. ताणलेला धागा परत का येतो?

शाळेतलं उत्तर स्प्रिंगचं आहे: अणूंमधले बंध ताणले जातात आणि पूर्ववत होऊ पाहतात. पोलादाला ते लागू पडतं. पण पोलादी तार स्वतःच्या लांबीच्या एक टक्का ताणली तरी सहसा पूर्वीच्या लांबीवर येत नाही. स्पॅन्डेक्सचा धागा पाचपट होऊनही परत येतो. रासायनिक बंध पाचपट ताणले तर तुटूनच जातील. म्हणजे इथे ताणले जातात ते बंध नव्हेत.

स्पॅन्डेक्सचा रेणू ही एक लांबलचक, लवचीक साखळी असते. सोयीसाठी दहाच दुव्यांची साखळी घेऊ. प्रत्येक दुवा उजवीकडे तोंड करून असेल किंवा डावीकडे. एकूण मांडण्या झाल्या 1024. साखळी पूर्ण ताणलेली असेल, म्हणजे सगळे दुवे उजवीकडे, तर अशी मांडणी एकच. सात उजवीकडे आणि तीन डावीकडे अशा मांडण्या 120. पाच-पाच, म्हणजे साखळीची दोन्ही टोकं एकाच जागी, अशा 252. उष्णतेमुळे दुवे सतत वळवळत असतात. त्यांना कुठल्याच मांडणीची ओढ नसते. तरीही साखळी बहुतेक वेळा आक्रसलेली सापडते, कारण आक्रसलेल्या मांडण्यांची संख्याच जास्त आहे. तिला ताणून धरायचं तर आपण तिला त्या दुर्मीळ मांडणीत कोंडत असतो, आणि बोटांना जाणवणारी ओढ तिथून येते.

हे गणितात मांडायचं तर मांडण्यांच्या संख्येच्या लॉगरिदमला बोल्ट्झमन स्थिरांक नावाच्या एका ठरलेल्या संख्येने गुणलं की एन्ट्रॉपी मिळते. लांबी वाढवताना एन्ट्रॉपी ज्या दराने घटते, त्याला निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाने गुणलं की धाग्याचं बळ मिळतं. या सूत्रात तापमान गुणक म्हणून आलंय, तिकडे लक्ष द्या. रबराचे रेणूही अशाच लवचीक साखळ्या असतात, म्हणून त्याचा अर्थ असा की वजन लावून ताणलेली रबराची पट्टी तापवली तर ती लांबायच्या ऐवजी आखूड व्हायला हवी. तसंच घडतं. इंग्लंडमधल्या केंडलचे जॉन गॉफ यांनी 1805 साली हे निरीक्षण प्रसिद्ध केलं. लहानपणी देवीच्या आजारात त्यांची दृष्टी गेली होती. रबर झटकन ताणल्यावर गरम होतं, हे त्यांनी ओठांना लावून ओळखलं. जाड रबरबँड घेऊन तुम्हीही करून पाहा. ताणून ओठांना लावा, ऊब लागेल. थोडा वेळ ताणून धरा, मग सैल सोडून पुन्हा लावा, गार लागेल. पुढे जेम्स जूल यांनी याची नेमकी मोजमापं केली.

पण नुसत्या लवचीक साखळ्या असत्या तर त्या ताणल्यावर एकमेकींवरून घसरून गेल्या असत्या आणि कापड सैलच राहिलं असतं. म्हणून स्पॅन्डेक्सच्या प्रत्येक साखळीत मऊ आणि कडक असे तुकडे आलटून-पालटून असतात. शेजारच्या साखळ्यांचे कडक तुकडे हायड्रोजन बंधांनी एकत्र येऊन घट्ट गाठी बनवतात. वळवळतो तो मऊ भाग, आणि जागा धरून ठेवतात त्या गाठी. इस्त्री किंवा ड्रायरची उष्णता टाळायची ती या गाठींसाठी.

आता पॅटर्नकडे येऊ. कापड अंगावर थोडं ताणलेलं राहिलं तरच ते या ओढीने अंगाला धरून बसतं, म्हणून ते मापापेक्षा लहान कापायचं. कापड घ्यायच्या आधी त्यावर 10 सेंटीमीटरची खूण करून ओढून पाहा. 15 पर्यंत सहज गेलं तर ताण 50 टक्के. आडवं आणि उभं दोन्हीकडे पाहा, कारण एकाच दिशेने ताणणारं कापड वन-पीसला घेतलं तर खांद्यावरचे पट्टे रुततात. ब्लाउजला गोलाईसाठी टक घ्यावे लागतात. इथे कापडच जागोजागी कमी-जास्त ताणून गोलाई धरतं. शिवाय नायलॉन भिजल्यावर थोडं सैलावतं, त्यामुळे कोरडेपणी नुसता बेताचा बसणारा सूट पाण्यात फुगतो.

ताण सगळीकडे सारखा असला तरी दाब सारखा नसतो. दाब म्हणजे ताण भागिले वक्रतेची त्रिज्या. कंबर 90 आणि मांडी 54 सेंटीमीटर घेराची असेल तर तेवढ्याच ताणाचं इलॅस्टिक मांडीला सुमारे 1.7 पट दाबतं. म्हणून पायाच्या गोलाईत पुढच्या बाजूला इलॅस्टिक जवळजवळ न ओढता लावतात आणि ओढ मागे, नितंबाखाली देतात. पाठीच्या खोलगट भागात कापड दाब देऊच शकत नाही, ते तिथे पुलासारखं अधांतरी राहतं. त्यात शिवणीचा दोष नाही.

या दाबाचा उल्लेख आला की ‘चरबी वितळवणारे’ घट्ट पट्टे आठवतात. त्यांनी चरबी वितळत नाही. घाम येतो, वजनकाट्यावर थोडं पाणी कमी दिसतं, आणि पाणी प्यायलं की ते भरून निघतं. अशा जाहिरातींवर एक रुपयाही खर्च करू नये.

शिवताना सरळ टाका टाळा. कापड दीडपट होतं, सरळ रेषेतला दोरा होत नाही, मग तो तुटतो. झिगझॅगची रुंदी 3 मिलिमीटर आणि प्रत्येक टाक्याला पुढची चाल दीड मिलिमीटर ठेवली तर पायथागोरसच्या हिशेबाने दीड मिलिमीटर शिवणीत सुमारे 3.35 मिलिमीटर दोरा बसतो, म्हणजे दुपटीहून जास्त. शिवण तेवढी ताणू शकते. दोरा पॉलिएस्टरचा घ्या आणि सुई बॉलपॉइंटची; तिचं गोलसर टोक लूपचा धागा न कापता बाजूला सारतं. टाके सुटत असतील तर आधी सुई बदलून पाहा.

सूट कालांतराने सैल पडतो तो मुख्यतः टँकमधल्या क्लोरीनमुळे. पाण्यात त्याचं हायपोक्लोरस आम्ल बनतं आणि ते स्पॅन्डेक्सच्या साखळ्या तोडत जातं. ऊन आणि सनस्क्रीन त्यात भर घालतात. पोहून झाल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळून, न पिळता सावलीत वाळवला तर तो बराच जास्त टिकतो. रोज सराव करणाऱ्या मुलीसाठी शिवत असाल तर स्पॅन्डेक्स नसलेलं पीबीटी पॉलिएस्टरचं कापड मिळतंय का ते बघा. क्लोरीनपुढे ते स्पॅन्डेक्सपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. मात्र ते कमी ताणतं, त्यामुळे पॅटर्न एक साइझ मोठा घ्यावा लागू शकतो.