तळेगावच्या दारातून परत गेलेली ग्रेट वॉल

पुण्याजवळच्या तळेगावचा मोटारींचा कारखाना आता ह्युंदाईचा. त्याआधी तो जनरल मोटर्सचा होता. या दोघींच्या मधल्या काळात ग्रेट वॉल मोटर ही चिनी कंपनी अगदी दारापर्यंत येऊन परत गेली. तिच्याविषयी वाद खूप झाले, पण ती उभी कशी राहिली हे फारसे कुणी सांगितले नाही. ते समजून घ्यायलाच हवे.

बीजिंगच्या नैर्ऋत्येला सुमारे दीडशे किलोमीटरवर बाओडिंग शहर आहे. तिथे १९८४ मध्ये ही कंपनी सुरू झाली, तेव्हा ती गाड्यांमध्ये फेरफार करून देणारा एक छोटा कारखाना होती. १९९० मध्ये तोट्यातला हा कारखाना वेई जियानजुन यांनी चालवायला घेतला. वय अवघे २६. त्यांनी सेडान बनवून पाहिल्या, पण १९९४ मध्ये चीन सरकारने मोटार उद्योगाचे नवे धोरण आणले. कार बनवायची मुभा मोजक्या कंपन्यांनाच राहिली. त्यांत ग्रेट वॉल नव्हती.

इथे वेई यांनी जे केले, तेच या कंपनीचे खरे भांडवल, असे मला वाटते. कारचा रस्ता बंद झाला म्हणून ते पिकअपकडे वळले. पुढे माणसांसाठी केबिन, मागे मालासाठी उघडा हौदा, अशी ही गाडी बड्या कंपन्यांच्या खिजगणतीत नव्हती. छोटे व्यापारी आणि शेतकरी यांना मात्र नेमकी तीच हवी होती, तीही परवडणाऱ्या भावात. १९९६ मध्ये ‘डीअर’ पिकअप आला आणि १९९८ पर्यंत कंपनी चीनमध्ये पिकअपच्या विक्रीत पहिली झाली. ते स्थान तिने आजवर सोडलेले नाही.

२००२ मध्ये त्याच पिकअपच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, ‘सेफ’ ही स्वस्त एसयूव्ही बेतली. २००३ च्या अखेरीस कंपनीच्या शेअरची हाँगकाँगच्या बाजारात नोंदणी झाली. डागही आहेत. तिची छोटी ‘पेरी’ फियाटच्या ‘पांडा’ची नक्कल आहे, असे ठरवून इटलीतील तुरीनच्या न्यायालयाने २००८ मध्ये तिला युरोपात मज्जाव केला. पुढे २०११ मध्ये आलेली ‘हवाल एच६’ चीनमध्ये कित्येक वर्षे सर्वाधिक खपाची एसयूव्ही होती.

जानेवारी २०२० मध्ये कंपनीने जनरल मोटर्सचा तळेगाव कारखाना घ्यायचा करार केला. फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत तिच्या गाड्याही झळकल्या. एप्रिलमध्ये केंद्राने नियम बदलला : सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची मंजुरी सक्तीची झाली. जूनमध्ये महाराष्ट्र सरकारशी ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार झाला आणि त्याच सुमारास लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान हुतात्मा झाले. राज्याने करार स्थगित ठेवला. केंद्राची मंजुरी आलीच नाही आणि २०२२ मध्ये व्यवहार मोडला. गलवाननंतर दुसरे काही होणे शक्य नव्हते, हे मान्य. तरी या अधांतरी काळात कारखान्याचे उत्पादन थांबले आणि कामगारांना नोकऱ्यांसाठी कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या, हेही तितकेच खरे. २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घ्यायचा करार केला.

जनरल मोटर्सचा थायलंडमधील रायोंगचा कारखाना मात्र ग्रेट वॉलला मिळाला. २०२१ मध्ये तिथून तिच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच वर्षी तिने ब्राझीलमध्ये मर्सिडीज-बेंझचा कारखाना विकत घेतला.