प्रोसेसगट आणि सिग्नल

एकाच कामासाठी चाललेल्या अनेक प्रोसेसचा (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) गट करून त्या सर्वांना एकदम सिग्नल, म्हणजे थांबण्यासारखी छोटी सूचना, देण्याची, युनिक्स वळणाच्या ऑपरेटिंग सिस्टिममधील सोय. लिनक्स, मॅकओएस आणि बीएसडी यांत ती उपलब्ध आहे. गटप्रमुख प्रोसेसचा क्रमांक हाच गटाचा क्रमांक असतो. प्रमुख संपला तरी गट टिकतो आणि शेवटचा सदस्य जाईपर्यंत तो क्रमांक नव्या प्रोसेसला मिळत नाही.

आपण ज्याला एक काम म्हणतो, ते यंत्राच्या लेखी बहुधा तीन-चार प्रोसेसचे असते. समजा, दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एक संशोधक मांडवीच्या भरती-ओहोटीच्या नोंदी चाळतो आहे. एकाच ओळीत त्याने तीन आज्ञा पाइपने, म्हणजे एकीचा निकाल पुढचीला मिळेल अशा, जोडल्या आहेत : झीकॅट फाइल उलगडते, ऑक जुलैच्या ओळी वेचते आणि सॉर्ट त्या पाण्याच्या उंचीप्रमाणे लावते. शेल, म्हणजे आज्ञा वाचून त्या चालवणारा प्रोग्रॅम, या तिघींचा एक गट करून तो टर्मिनलच्या अग्रभागी आणते. महिना चुकल्याचे लक्षात येताच संशोधक कंट्रोल-सी दाबतो. ही कळ शेलपर्यंत पोचत नाही. कर्नेलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, टर्मिनल ड्रायव्हर ती वाटेतच ओळखतो आणि अग्रभागी गटातल्या प्रत्येक प्रोसेसला क्रमांक २ चा सिगइंट हा काम थांबवण्याचा सिग्नल पाठवतो. शेलचा गट वेगळा असल्यामुळे ते शाबूत राहते आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहू लागते.

गट नेमण्याचे काम सेटपीजीआयडी हा कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नेलला केलेली मागणी, करतो. नवी प्रोसेस जन्मल्यावर आधी ती धावेल की तिची जनक प्रोसेस, याचा नेम नसतो. म्हणून शेल हा कॉल दोन्हीकडून करवते. दुसऱ्यांदा झालेल्या नेमणुकीने काही बिघडत नाही. ही दक्षता गाळली, तर गट बनण्याआधीच सिग्नल सुटू शकतो, आणि तोही क्वचित कधीतरी. असे दोष शोधणे फार जिकिरीचे असते.

प्रोग्रॅममधून गटाला सिग्नल द्यायचा, तर किल या कॉलला ऋण क्रमांक देतात. -४२१० म्हणजे ४२१० क्रमांकाचा गट आणि ० म्हणजे स्वतःचा गट. -१ मात्र जपून वापरावा : परवानगी असलेल्या सर्वच प्रोसेसना सिग्नल जातो, लिनक्सवर क्रमांक १ ची प्रोसेस आणि पाठवणारी प्रोसेस एवढ्याच वगळल्या जातात. गटक्रमांक चलातून घेणाऱ्या स्क्रिप्टने (स्क्रिप्ट म्हणजे शेलच्या आज्ञांची फाइल) तो आधी तपासलाच पाहिजे, कारण चुकून १ आला तर त्याचा -१ होतो. आणखी एक : गटातल्या एकीला जरी सिग्नल देता आला, तरी किल यश कळवतो. ते यश सर्वांपुरते खरे मानू नये.

नवशिके नेमके अडतात ते स्क्रिप्ट बंद करताना. स्क्रिप्टच्याच क्रमांकावर सिगटर्म हा आवरते घेण्याचा सिग्नल पाठवला, तर ती संपते. तिने सुरू केलेली गणिते मागे चालूच राहतात. गटाला पाठवला की सगळेच आवरते.

टर्मिनलशी बांधलेला गट जुन्या युनिक्समध्येही होता. कामे थांबवून पुन्हा चालू करण्याची, म्हणजे जॉब कंट्रोलची, सोय १९८० च्या सुमारास बर्कली विद्यापीठाच्या ४बीएसडी या युनिक्स आवृत्तीतून रुळली. सी-शेलमधले तिचे पहिले रूप ऑस्ट्रियातील जिम कल्प यांचे. पुढे युनिक्स वळणाच्या सिस्टिमसाठीच्या १९८८ च्या पॉझिक्स मानकात तिला स्थान मिळाले.

पावसाळ्यात फोंड्याच्या घरून संस्थेच्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणीने, काम करताना जोडणी तुटली, तर टर्मिनल बंद पडते आणि सत्रप्रमुख शेलला (सत्र म्हणजे एका टर्मिनलवरच्या सर्व गटांचा समूह) सिगहप हा जोडणी तुटल्याचा सिग्नल मिळतो. बॅश हे शेल तो आपल्या सर्व कामांकडे पुढे पाठवते. रात्रभर चालायचे गणित मध्येच मरते. नोहप ही आज्ञा लावून सुरू केलेले काम या सिग्नलकडे दुर्लक्ष करते.

गटाचे सदस्यत्व सक्तीचे नाही, हा या रचनेचा खरा दुबळेपणा. सेटसिड कॉल करून प्रोसेस नव्या सत्रात, नव्या गटात निघून जाते आणि जुन्या गटाचे सिग्नल तिला लागत नाहीत. डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारे सेवा-प्रोग्रॅम, मुद्दाम हेच करतात. लिनक्समधील सीग्रुप या कर्नेलने राखलेल्या प्रोसेसच्या वेगळ्या गटातून मात्र असे निसटता येत नाही. म्हणून सिस्टिमडी हा लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम सेवा थांबवताना सीग्रुपच धरतो. २०२१ च्या लिनक्स ५.१४ पासून सीग्रुपमध्ये सीग्रुप.किल नावाची फाइल आली. तिच्यात १ लिहिला की आतील सर्व प्रोसेसना सिगकिल हा तत्काळ संपवणारा सिग्नल मिळतो. दुसरा कोणताही सिग्नल तिच्यामार्फत देता येत नाही. त्यामुळे फाइली नीट मिटवायला उसंत देणारा सिगटर्म आधी वेगळा पाठवावा लागतो.